मुलं टाकून आलेल्या बायका

गेल्या महिन्यात एका घरगुती कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत मागे उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या, "तुझ्याकडे त्या जमैकन बायका कामाला आहेत ना, मुलं तिकडे आजीकडे टाकून येतात म्हणे. आपल्याला नाही बाई जमणार." हातात भरलेलं ताट, मागे लोक खोळंबलेले. मी हसल्यासारखं केलं आणि पुढे सरकले. ते हसणं तेव्हापासून घशात अडकलंय, म्हणून ही लांबलचक पोस्ट. ज्यांना वेळ नाही त्यांनी पॅटीचा भाग तेवढा वाचा.

मी टोरोंटोत एका वृद्धाश्रमाचे हिशेब बघते. म्हाताऱ्यांना उठवणं, अंघोळ घालणं, भरवणं, रात्री कूस बदलून देणं ही खरी कामं ज्या बायका करतात त्यांतल्या निम्म्या तरी जमैकाच्या. त्यांच्यातल्या एकीशी माझी घट्ट मैत्री आहे. ती साठीची आहे आणि सेंट एलिझाबेथ परगण्यातली आहे. तिला विचारून लिहितेय, पण नाव लिहू नकोस म्हणाली.

जमैका म्हटलं की आपल्या डोक्यात काय येतं? बॉब मार्ली, बोल्ट, गांजा, समुद्रकिनारा आणि 'नो प्रॉब्लेम' म्हणत झावळ्यांखाली लोळणारी माणसं. (गांजा हा शब्द तिकडे आपल्याच मुलखातून गेला. 10 मे 1845 ला हिंदुस्थानी मजुरांचं पहिलं जहाज ओल्ड हार्बरला लागलं, बोकडाची करीसुद्धा त्यांच्याच मागोमाग आली.) त्या लोळणाऱ्या माणसाचं चित्र पर्यटनाच्या जाहिरातींनी विकलं आणि आपण ते विकत घेतलं. मला भेटलेल्या जमैकन बायका दोन-दोन नोकऱ्या करतात, रविवारी टोपी घालून चर्चला जातात आणि घरी येऊन नारळाच्या दुधात राजमा-भात शिजवतात. त्याला त्या 'राइस अँड पीज' म्हणतात. वाटाणा त्यात औषधालाही नसतो.

देशात साधारण अठ्ठावीस लाख लोक आहेत, आणि जवळपास तेवढेच बाहेर. लंडन, बर्मिंगहॅम, न्यूयॉर्क, मायामी, टोरोंटो. त्यांच्या बोलीत परदेशाला 'फॉरिन' म्हणतात, अगदी आपण 'फॉरेनला गेला' म्हणतो तसं. त्या सगळ्या देशांचं मिळून एकच गाव, फॉरिन. आणि घर म्हणजे 'यार्ड', अंगण. माझी मैत्रीण चाळीस वर्षं इथे राहून अजून "यार्डात पाऊस झाला" असं सांगते. तिचं इथलं अपार्टमेंट अकराव्या मजल्यावर आहे.

या दोन शब्दांच्या मधे जे उभं असतं ते पिंप. बॅरल. छातीपर्यंत उंचीचं, बहुधा निळं प्लॅस्टिकचं. इथे एग्लिंटन अव्हेन्यू वेस्टवर, ज्या भागाला लिटल जमैका म्हणतात, तिथे रिकामी पिंपं विकणारी आणि भरलेली बोटीने किंग्स्टनला पाठवणारी दुकानं आहेत. मैत्रिणीच्या बेडरूमच्या कोपऱ्यात एक पिंप कायम अर्धवट भरलेलं असतं. सेल लागला की त्यात काहीतरी पडतं. तळाला तांदूळ आणि साबण, मग तेलाचे कॅन, माशांचे डबे, टूथपेस्ट, मधल्या फटींत मोजे, आणि सगळ्यात वर शाळेचे बूट, म्हणजे झाकण उघडल्या उघडल्या तेच दिसावेत. कुणाच्या पायाचं माप वाढलं याची नोंद फ्रीजवर चिकटवलेली असते.

आता काकूंच्या मुद्द्याकडे येते.

या पोरांना तिकडे एक नावच आहे, 'बॅरल चिल्ड्रन', पिंपाची पोरं. हा शब्द वेस्ट इंडीज विद्यापीठातल्या क्लॉडेट क्रॉफर्ड-ब्राऊन यांनी रूढ केला, आणि तो कौतुकाचा नाही. आईच्या जागी वस्तू येतात, पोराला ब्रँडचे बूट मिळतात पण रात्री ताप आला की कपाळावर हात आजीचाच असतो, असं त्यांचं म्हणणं. खरंच आहे ते. माझ्या मैत्रिणीची मुलगी चौदाव्या वर्षी इथे आली तेव्हा विमानतळावर आईला काय हाक मारायची हे तिला कळेना, कारण 'ममी' हा शब्द तिने आजीला देऊन टाकला होता. पहिले कित्येक महिने ती आईला हाकच मारायची नाही, समोर येऊन उभी राहायची. हे सांगताना मैत्रीण रडत नाही. ती पिशवीतून काहीतरी शोधायला लागते.

पण 'टाकून आली' हे क्रियापद मला मान्य नाही. ती टाकायला कुणी लावली, हे विचारा की.

1955 मध्ये कॅनडाने वेस्ट इंडीजमधून घरकामासाठी बायका आणायची योजना काढली. पहिल्या वर्षी शंभर, त्यातल्या पंचाहत्तर जमैकाच्या. अट अशी की बाई तरुण हवी, लग्न झालेलं नको आणि मूल नको. वर्षभर कुणाच्या तरी घरी राबली की इथे कायम राहायची मुभा. दुसऱ्याची पोरं सांभाळायला आणायची ती बाई स्वतः आई नसावी! बऱ्याच जणींना मुलं होती, हे उघडच आहे. त्या फॉर्मवर 'नाही' लिहून आल्या. त्यांच्या मागून आलेल्याही तेच लिहीत राहिल्या. पोर आजीकडे ठेवून, कागदावर पुसून टाकून. आणि 1977 मध्ये त्यांतल्याच सात जमैकन आयांना सरकारने हद्दपारीचे हुकूम काढले, कारण काय, तर अर्जात मुलांची नोंद केली नव्हती. म्हणजे मूल सांगितलं तर दार बंद, आणि लपवलं तर हाकलणार. त्या लढल्या, बाकीच्या बायका त्यांच्यासाठी रस्त्यावर आल्या. काम करायला चालतो तर राहायलाही चालतो, असं त्यांचं साधं मागणं होतं. 1979 मध्ये त्या जिंकल्या. टोरोंटोत राहणाऱ्या आपल्यातल्या किती जणांना हे माहीत आहे? मलाही अकरा वर्षं माहीत नव्हतं.

हे जुनं झालं असं वाटत असेल तर शेतावर जा. 1966 मध्ये ओंटारिओतल्या शेतांसाठी 264 जमैकन मजूर आणले गेले. तो कार्यक्रम आजही चालू आहे. जास्तीत जास्त आठ महिने राहायचं, सफरचंदं तोडायची आणि परत जायचं. कुटुंब आणायची सोय नाही. वीस-वीस वर्षं येणारी माणसं आहेत, ज्यांनी आपल्या पोराचा वाढदिवस उन्हाळ्यात असल्यामुळे कधी पाहिलाच नाही. आपण फार्मवर सहलीला जाऊन फोटो टाकतो ना, तीच सफरचंदं.

इंग्लंडचं तर काय बोलावं. 1948 मध्ये जमैकाहून माणसं घेऊन विंडरश बोट लंडनजवळच्या टिलबरी बंदराला लागली, पुढची काही वर्षं युद्धाने मोडलेला देश उभा करायला, दवाखाने आणि बसगाड्या चालवायला माणसं येत राहिली. मागाहून त्यांनी आपली मुलं बोलावून घेतली. ती मुलं तिथेच शिकली, कर भरत म्हातारी झाली आणि मग त्यांना सांगण्यात आलं की तुमच्याकडे कागद नाहीत. त्यांतल्या अनेकांच्या येण्याच्या नोंदी सरकारने स्वतःच 2010 मध्ये नष्ट केल्या होत्या. नोकऱ्या गेल्या, उपचार नाकारले गेले, काहींना देशाबाहेर काढलं. 2018 मध्ये बोभाटा होऊन गृहमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच 2018 मध्ये युनेस्कोने रेगे संगीताला जगाचा वारसा म्हणून यादीत घेतलं. गाणं सगळ्यांना हवं असतं.

बेन जॉन्सनची गोष्ट जमैकन लोक इथे अजून कडवट हसत सांगतात. फालमथचा पोरगा, कॅनडासाठी धावणारा. 1988 ला सोल ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर जिंकला तेव्हा तो 'कॅनडाचा' होता, उत्तेजक सापडल्यावर एकदम 'जमैकन' झाला.

आता पॅटी. पिवळ्या खुसखुशीत पारीत तिखट खिमा भरलेली, आपल्या करंजीची मोठी आणि भांडखोर बहीण. 1985 मध्ये इथल्या सरकारी निरीक्षकांनी दुकानदारांना सांगितलं की तुम्ही हिला 'बीफ पॅटी' म्हणू शकत नाही, कारण कायद्यात बीफ पॅटी म्हणजे नुसत्या मांसाची टिक्की, तिला पारी नसते. दंडाची धमकीही दिली. दुकानदार हटले नाहीत, पेपरात गाजावाजा झाला, शेवटी 'जमैकन पॅटी' या नावावर तडजोड झाली. मला यात सगळ्यात जास्त हे आवडतं की जे लोक स्वतःच्या मुलांबद्दल फॉर्मवर खोटं लिहायला लावले गेले, ते 'पॅटी' हा शब्द सोडायला मात्र तयार झाले नाहीत.

आणि त्यांची भिशी! तिला 'पार्टनर' म्हणतात. एक विश्वासाची बाई, ती 'बँकर'. दर आठवड्याला प्रत्येकाने ठरलेला 'हात' टाकायचा आणि आपली पाळी आली की सगळी रक्कम उचलायची. कागद नाही, सही नाही. इंग्लंडमध्ये बँका काळ्या माणसाला घरासाठी कर्ज देत नव्हत्या, भाड्याने खोलीसुद्धा मिळत नव्हती, तेव्हा या भिशीवर लोकांनी घरं घेतली. त्यांच्यात म्हण आहे, एकेक कोको टाकत टोपली भरते. हा कोको चॉकलेटवाला नव्हे, आपल्या अळकुडीसारखा कंद. मी मैत्रिणीच्या पार्टनरमध्ये तीन वर्षं आहे. माझी पाळी नोव्हेंबरात असते, भारताच्या तिकिटाला बरोबर उपयोगी पडते. आमच्या मंडळातली भिशी दोनदा भांडणात मोडली, हे इथे नमूद करून ठेवते.

परदेशातून जमैकात दरवर्षी तीन अब्ज डॉलरहून जास्त पैसा जातो. हा आकडा मी हिशेबनीस म्हणून वाचते तेव्हा मला त्यात शाळेची फी, आजीची ब्लडप्रेशरची गोळी, आणि वरच्या मजल्यासाठी गच्चीतून वर काढून ठेवलेल्या गंजक्या सळया दिसतात. माझे वडील मुंबईत गिरणीत होते, आम्ही सावंतवाडीला. महिन्याच्या दहा तारखेला पोस्टमन यायचा, मनीऑर्डरच्या खालच्या चिठोऱ्यावर दोन ओळी असायच्या. ते वर्षातून दोनदा यायचे, गणपतीला आणि मे महिन्यात. त्यांनी आम्हाला 'टाकलं' असं आमच्या गावात कुणी म्हणाल्याचं मला आठवत नाही. बाप गेला की तो चाकरमानी, आई गेली की तिने टाकलं, आणि ती आई काळी असली तर मग विचारायलाच नको. काकू, तुम्ही ही पोस्ट वाचत असाल तर राग मानू नका, पण विचार करा.

आमच्या आश्रमात एक जमैकन आजोबा होते, किंग्स्टनचे. मी मुंबईकडची म्हटल्यावर ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "सारडेसाय." 1971, किंग्स्टनच्या सबायना पार्क मैदानावरची कसोटी, दिलीप सरदेसाईंच्या 212. भारत 5 बाद 75 वरून सावरला, सोलकर साथीला, आणि चक्क वेस्ट इंडीजला फॉलोऑन. आजोबांना दुपारी काय जेवलो ते आठवायचं नाही. ते गेले तेव्हा नववी रात्र केली. मरणानंतरच्या नवव्या रात्री जागायचं, गाणी म्हणायची, डॉमिनो आपटायचे, रम प्यायची आणि मेलेल्याचे किस्से सांगत त्याला निरोप द्यायचा, अशी त्यांची रीत. मी बटाटेवडे नेले होते. लागोपाठ तिघांनी विचारलं, यात मासा का नाही.

28 ऑक्टोबर 2025 ला मेलिसा चक्रीवादळ जमैकाच्या नैऋत्य किनाऱ्याला धडकलं. सेंट एलिझाबेथमधलं ब्लॅक रिव्हर गाव पार उद्ध्वस्त झालं. मैत्रिणीला चार दिवस आईचा फोन लागला नाही. पाचव्या दिवशी लागला. म्हातारी धडधाकट होती, छप्पर गेलं होतं. अंगणात काय उरलं, तर जुनी निळी पिंपं. रिकामी झाली की ती तिकडे पन्हळीखाली पाणी धरायला ठेवतात. एकात अजून पाणी होतं.

त्या शनिवारी मी तिच्या घरी गेले. तिची ती मुलगी आली होती, आता चाळिशीची. दोघी जमिनीवर बसून पिंप भरत होत्या. ताडपत्री, खिळे, टॉर्च, तांदूळ, मेणबत्त्या. मुलगी आईला सांगत होती की साबण तांदळाजवळ ठेवू नकोस, भाताला वास लागतो, मला आठवतोय. आई काही बोलली नाही, साबण उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला. सगळं भरल्यावर झाकण काही बसेना. दोघींनी जोर लावला, तरी बोटभर फट राहिली. मग मैत्रिणीने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "तू ये इकडे, बस यावर."

मी बसले. खाली कडी खट्‌कन लागली.