ग्लोव्हज शोधण्यात गेलेली दोन मिनिटं

भाऊ,

तुमची प्रतिक्रिया दोन दिवस डोक्यातून जात नाही. कॅज्युअल्टीत, म्हणजे दवाखान्याच्या तातडीच्या विभागात, ग्लोव्हज, चष्मा, एप्रन घातल्याशिवाय जखमीला हात लावू नये, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘माझा भाऊ रक्तात पडलेला आणि सिस्टर ग्लोव्हज शोधत होत्या. तुम्हाला आधी स्वतःचा जीव. पूर्वीचे डॉक्टर उघड्या हातांनी टाके घालायचे.’

ती दोन मिनिटं गेली हे चूकच, तिथे मी कुणाची बाजू घेणार नाही. धुळे-जळगाव रस्त्यावरचा अपघात असो, कडबाकुट्टीत गेलेला हात असो, सोबतची माणसं ‘ताई, बेगी करा’ म्हणतात तेव्हा आमच्याही पोटात कालवतं. पण ग्लोव्हज चढवायला वेळ लागत नाही हो, वेळ जातो शोधण्यात. मी होते त्या एका दवाखान्यात खोका कपाटात आणि किल्ली दुसऱ्याच ड्युटीवाल्याकडे असायची. पुढे आम्ही भांडून सगळं ट्रॉलीशेजारी भिंतीला लावून घेतलं. १०८ चा फोन आला की गाडी दारात लागण्याआधी आम्ही तयार.

राहिला ‘स्वतःचा जीव’. एका जीपमधले तीन-चार जखमी एकदम येतात. एकाची जखम दाबलेला हात तसाच दुसऱ्याच्या जखमेवर गेला तर? दर रुग्णाला ग्लोव्हज बदलायचे ते म्हणून. ते तुमच्या भावासाठीही होते.

आणि हो, आमच्या जिवासाठीही. हिपॅटायटिस बी (रक्तातून पसरणारा यकृताचा आजार) असलेल्या रुग्णाला टोचलेली सुई लस न घेतलेल्याला लागली, तर लागण होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाते. एचआयव्हीची हजारात सुमारे तीन. अपघातातला माणूस काही रिपोर्ट घेऊन येत नाही. काचेपुढे तर ग्लोव्हजही फाटतात, म्हणून जखमीचे कपडे चाचपायचे नाहीत, कात्रीने कापायचे.

माझंच सांगते. मे महिना, घामाने चष्म्यावर वाफ धरलेली, म्हणून तो मी कपाळावर सरकवला. जबडा फुटलेला मुलगा खोकला आणि रक्त थेट माझ्या डोळ्यात. एचआयव्हीची लागण टाळायचं औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं. मी त्याच रात्री पहिली गोळी घेतली, मग २८ दिवस. मळमळ सोसली. पण जवळ घेतल्याने काही होत नाही हे पक्कं ठाऊक असूनही लेकीला कुशीत घेताना हात मागे यायचा, ते सोसवलं नाही.

पूर्वीच्या डॉक्टरांबद्दल मला आदरच आहे. पण भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले ते १९८६ साली. त्याआधी उघड्या हातांनी टाके घालणाऱ्यांना हा धोका इथे आहे हे ठाऊक नव्हतं.

तक्रार मात्र सोडू नका. दवाखाना सरकारी असेल तर रुग्ण कल्याण समितीकडे लेखी द्या. फक्त ‘सिस्टर ग्लोव्हज शोधत बसल्या’ असं न लिहिता ‘कॅज्युअल्टीत ग्लोव्हज हाताशी नव्हते’ असं लिहा, तारीख आणि वेळ घालून. मसुदा करायला मी मदत करते. आणि तुमचा भाऊ आता कसा आहे, तेही कळवा.