पॅकेजमध्ये सगळं आलं

संभाजीनगरहून वेरूळकडं जाताना रस्त्याला जे रिसॉर्ट लागतात, त्यातल्या एकात तुम्ही दोन दिवसांचं पॅकेज घेतलंय. राहणं, तीन वेळचं जेवण, पोहायचा तलाव, अन् संध्याकाळी बारवर पाहिजे तेवढं. पैसे माणशी आगाऊ भरलेत. म्हणजे बर्फ तुमचा, लिंबू तुमचं, अन् ते पिळणारं पोरगंही तुमचंच. आता त्याच्या हातावर वेगळं काही ठेवणं म्हणजे एकाच शेताचा सारा दोनदा भरणं.

पण न देण्यालाही रीत असते बरं का. तोंड फिरवून निघून जातात ते अडाणी.

पहिल्या ग्लासालाच गाव विचारायचं. "कोणत्या गावचा रे?" "गेवराईकडचा." "हाव का? आडनाव काय?" दोन-तीन प्रश्नांत कुणीतरी सोयरा निघतोच, मराठवाड्यात न निघून सांगतो कुणाला. मग टेबलावर थाप मारून म्हणायचं, "आरं, मंग तू तर आपलाच की!" झालं. आपल्या माणसाला कुणी बक्षिसी देतं का? अपमान होईल त्याचा. उलट आपल्या माणसाकडून काम हक्कानं करून घ्यायचं. पोरगं 30 मिलीचं माप काठोकाठ भरून ओततंय असं दिसलं की, "माप कशाला लावायलास? सोड की जरा हात सैल." मी हे म्हणालो तेव्हा पोरगं हसलं नुसतं. रात्री बाटल्या मोजतात म्हणे, कमी भरलं तर पगारातून जातं. दिवसभर लिंबं पिळून त्याच्या बोटांची टोकं पांढरीफटक पडून चिरलेली. आई-बाप उचल घेऊन उसाच्या फडावर गेलेले. हे सगळं विचारून घ्यायचं, 'च् च्' करायचं अन् ग्लास पुढं सरकवायचा. आस्थेनं चौकशी केली, ही काय कमी टिप झाली?

कायदाही पाठ पाहिजे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 ला सांगून ठेवलंय की हॉटेलानं बिलात सेवा शुल्क आपोआप लावायचं नाही. द्यायचं की नाही ही गिऱ्हाइकाची मर्जी. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलं. तक्रारीला 1915 नंबर आहे. तुमच्या पॅकेजात सेवा शुल्क लावलेलंच नसेल, तरी हे मोठ्यानं म्हणून दाखवायचं, अन् 'मर्जी' या शब्दावर थोडं थांबायचं.

दुसऱ्या दिवशी कैलास लेणं बघायला जालच. तिथं मुद्दा आणखी पक्का होतो. बडोद्याला सापडलेल्या राष्ट्रकूटांच्या ताम्रपटात लिहिलंय की हे देऊळ बघून देव तर थक्क झालेच, पण करणाऱ्या कारागिरालाही प्रश्न पडला, हे मी केलं तरी कसं? राजा कृष्णाचं नाव त्यात आहे, कारागिराचं नाही. अख्खा डोंगर वरून खाली कोरणाऱ्याची ही गत, तर लिंबू पिळणाऱ्यानं कशाची आशा धरावी?

आता कुणी म्हणेल, तुम्ही चिक्कू. छे! पुतण्याच्या वरातीत बँडवाल्याच्या डोक्यावरून दहाच्या नोटांचं करकरीत बंडल आपणच उधळलं होतं. पण तिथं व्हिडिओवाला असतो. अहेराचे 501 दिले तर ते वहीत नावानिशी चढतात. बारवाल्याकडं ना वही, ना व्हिडिओवाला. त्याला दिलेलं पाण्यात गेलं, तेही सोड्याच्या.

अगदीच काउंटरवर टिपेचा डबा ठेवलेला असला, तर दहाची नाणी टाकायची. रिझर्व्ह बँक कितीही ओरडून सांगो की ती चालतात, आपल्याकडचा किराणावाला काही घेत नाही. डबा बिचारा नाही म्हणत नाही. आवाजही छान होतो.

निघताना मात्र माझी एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. पोरानं बॅगा गाडीत ठेवल्या. मी खिसे चाचपून "सुट्टे नाहीत गड्या" म्हणायच्या तयारीत होतो. तेवढ्यात ते सरळ आमच्या हिच्याकडं गेलं. रात्री मी जे गाव-आडनाव काढलं होतं, ते हिच्या माहेराला जाऊन भिडत होतं. "येतो आत्या," म्हणून पोरगं वाकलं. हिनं पर्स उघडली, पाचशेची नोट त्याच्या मुठीत कोंबली, वर "दिवाळीला घरी ये, ड्रेस घेते" म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "मामांच्याही पाया पड की."

आणखी पाचशे.

तेव्हा गाव जरूर विचारा, पण बायको खोलीत गेल्यावर.