राष्ट्रीय पक्षी समोर होता आणि मी म्हटलं, कोंबडी

माझी छपाईची प्रेस आहे. पंचवीस वर्षांत किती मोर छापले याचा हिशेब नाही. लग्नपत्रिकेच्या दोन कोपऱ्यांत समोरासमोर मोर, बारशाच्या कार्डावर मोर, पैठणीच्या सेलच्या हँडबिलावर तर विचारूच नका. आणि एवढे मोर छापलेल्या माणसाने गेल्या जानेवारीत खरा राष्ट्रीय पक्षी पुढ्यात पडलेला असताना त्याला कोंबडी म्हटलं. तेव्हापासून डोक्यात जे चाललंय, आपल्या कोल्हापूरला शहराचा पक्षी ठरवायचा झाला तर कुठला हेही, ते एकदा लिहून टाकतो.

कोल्हापूरजवळच्या कळे गावाकडं मेव्हण्याचा ऊस आहे. तोड चालू होती. सकाळीच त्याचा फोन, "दाजी, कुत्र्यांनी फडातनं कोंबडीगत कायतरी धरून आणलंय. लई मोठं हाय. जित्तं हाय अजून." मी गेलो. बांधावर मातकट रंगाचा एक पक्षी पंख पसरून बसलेला, चोच उघडी, छाती भात्यासारखी हलत होती. मीही म्हटलं, कोंबडीच्या जातीतलं असणार. मेव्हण्याची बायको तांब्या घेऊन चोचीत पाणी घालायला निघाली होती. तेवढ्यात मी वनखात्याच्या 1926 वर फोन लावला, तर पलीकडून पहिलं वाक्य हेच आलं की तोंडात पाणी घालू नका, श्वासनळीत जाऊन मरतं. टॉवेल टाका, अंधाऱ्या खोक्यात ठेवा, झाकणाला भोकं पाडा. गाडीत कागदाच्या रिमांचं खोकं होतंच. वनरक्षक आले आणि आम्ही तिघं, म्हणजे ते, मी आणि खोकं, पक्ष्यांच्या उपचार केंद्रात पोहोचलो.

डॉक्टर मॅडमनी टॉवेल बाजूला केला. मानेवर हिरवट झाक, डोक्यावर तुरा. "लांडोर आहे ओ ही," म्हणाल्या, आणि रजिस्टरला नोंद केली : मोर, मादी.

मी गप्प. तुरा मलाही दिसला होता की! पण माझ्या डोक्यातल्या मोराला पिसारा होता, आणि पिसारा नाही म्हणजे मोर नाही, एवढं सोपं गणित. बरं, पिसारा म्हणजे शेपूट नव्हेच. शेपटी त्याच्याखाली, आखूड, करड्या रंगाची. वर दीडशे-दोनशे लांब पिसं असतात तो पिसारा, आणि तो पावसाळा सरता सरता दरवर्षी गळून पडतो. म्हणजे वर्षातले काही महिने खुद्द मोरसुद्धा आमच्या चित्रातल्या मोरासारखा दिसत नाही. कायदा मात्र डोळे उघडे ठेवून केलेला आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात नर-मादी दोघंही अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत. सुंदर दिसण्याची अट नाही.

मोर 1963 साली राष्ट्रीय पक्षी झाला. पक्षीतज्ज्ञ सलीम अलींचं मत माळढोकच्या, म्हणजे माळरानावरच्या त्या मोठ्या पक्ष्याच्या बाजूनं होतं. मोराला देवादिकांपासून पैठणीपर्यंत सगळीकडं जागा आहे, पण ज्याला खरी गरज आहे त्याला मान द्या, असा तो विचार. माळढोक मागे पडला. आज तो देशात दीडशेच्या आसपास उरलाय, आणि आपल्या सोलापूरच्या नान्नजला, जिथं त्याच्यासाठी अभयारण्य केलं, तिथं तो दिसणं म्हणजे बातमी. अंगानं जड, समोरचं नीट दिसत नाही, विजेच्या तारांना धडकून मरतो. राष्ट्रीय पक्षी झाला असता तर वाचला असता का? मला तसं छातीठोक सांगता येत नाही, कारण अमेरिकेचं उदाहरण समोर आहे. तिकडचा पांढऱ्या डोक्याचा गरुड 1782 पासून त्यांच्या राजमुद्रेवर आहे. तरी 1963 साली, म्हणजे इकडं आपण मोराला मान देत होतो त्याच वर्षी, अलास्का सोडून मुख्य भूमीवर त्यांच्याकडं फक्त 417 जोड्या राहिल्या होत्या. डीडीटी या कीटकनाशकामुळं अंड्यांची कवचं पातळ होऊन आईच्या वजनानंच फुटत होती. डीडीटीवर 1972 मध्ये बंदी आली, तेव्हा कुठं तो सावरला. राजमुद्रेनं काही केलं नाही, बंदीनं केलं. (आणि गंमत म्हणजे कायद्यानं तो ‘राष्ट्रीय पक्षी’ झाला 2024 च्या डिसेंबरात.)

आता आपल्या राज्याचा पक्षी कुठला, हे कट्ट्यावर विचारून बघा. आमच्यात सातातल्या पाचांनी मोरच सांगितला. हरियाल, भावांनो. वडा-उंबरावर बसणारं हिरवं कबूतर.

तर त्या केंद्रात लांडोर एकच होती. बाकी पिंजरे कुणाचे? घारींचे. एक गव्हाणी घुबड, चार-दोन पारवे, आणि घारी, घारी, घारी. बहुतेक मांजानं कापलेल्या. त्याला आपण ‘चायनीज’ म्हणतो, म्हणजे पाप तिकडं ढकलायची सोय. 2017 पासून नायलॉन मांजावर बंदी आहे आणि तो सर्रास मिळतो. पतंग एक दिवस उडतो, दोरा वर्षभर झाडाला लटकतो.

तिथं एक गोष्ट बघितली ती डोळ्यांपुढून जात नाही. एका घारीची उडायची पिसं अर्ध्यात मोडलेली. नवी यायची तर मोठा काळ जातो, तोवर पिंजरा. मॅडमनी कपाटातून पाकिटं काढली, प्रत्येकावर पेनानं लिहिलेलं : घार, डावा, नंबर अमुक. मेलेल्या घारींची जपून ठेवलेली पिसं. मोडक्या पिसाचा देठ पोकळ असतो, त्यात बांबूची तासलेली काडी घालायची, दुसऱ्या टोकाला मेलेल्या घारीचं पीस, मधे गोंदाचा थेंब. घारीच्या डोक्यावर फडकं, मदतनीस पोरगी तिचे पाय घट्ट धरून बसलेली. माझा धंदा कागद जुळवायचा, अर्ध्या मिलिमीटरनं सरकलेला रंग मला खटकतो. पण असलं जुळवणं मी आयुष्यात बघितलं नव्हतं.

म्हणून माझं स्पष्ट मत : कोल्हापूरला शहराचा पक्षी ठरवायचाच असेल तर घार ठरवा. मोर नको, तो विद्यापीठाच्या आवारात मजेत आहे. घार आपली आहे. मटणाच्या दुकानावर सकाळपासून आपल्याआधी नंबर लावून फिरते, रंकाळ्यावर आपल्याबरोबर हवा खाते आणि आपल्याच दोऱ्यानं कापली जाते. अंबाबाईच्या देवळात गरुड मंडपात टेकणारे आपण, त्याच्याच गणगोतातली ही. आणि नुसता पुतळा चौकात बसवू नका. ठराव करणार असाल तर त्याच ठरावात औषधपाण्याचा खर्च घाला, नाहीतर राहू दे.

लांडोर वाचली. पंखाला टाके पडले, महिन्याभरानं कळ्याच्याच बाजूला सोडली. मेव्हणा आता फडात शिरण्याआधी कुत्री बांधतो.

मी दर शनिवारी प्रेसमधले बिघडलेले कागद केंद्रात नेऊन देतो, पिंजऱ्यात अंथरायला लागतात. आर्ट पेपर नको म्हणतात, ओल शोषत नाही. गेल्या खेपेला पैठणी सेलची हँडबिलं नेली होती, रंग सरकलेली. निघताना बघितलं तर ती पिसं जोडलेली घार त्यातल्याच एका मोरावर उभी होती, आणि तिनं तो पार बरबटून टाकला होता.