आधी पिशवी, मग प्रार्थना

जूनमध्ये आमच्या चर्चच्या तरुण संघाबरोबर सहा दिवस शिकागोला जाऊन आले. चर्चतर्फे दुसऱ्या ठिकाणी सेवा करायला जातात, त्याला मिशन ट्रिप म्हणतात इथे. मी इंडियानात राहते, शिकागो गाडीने तीनेक तासांवर. माझी मुलगी सोळा वर्षांची, तिच्यासकट तिच्या वयाची चौदा पोरं आणि आम्ही चार मोठी माणसं, दोन व्हॅन भरून गेलो, एका चर्चच्या तळघरात हवा भरायच्या गाद्यांवर झोपलो. परत आल्यावर एक फोटो नगरच्या दहावीच्या ग्रुपवर टाकला आणि तिथे दोन दिवस जे काही चाललं ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

एका मित्राचं म्हणणं, सेवा हे निमित्त, खरा उद्देश धर्मांतर, त्यामुळे महाराष्ट्रात कडक कायदा हवाच. दुसरा आमच्याच ख्रिस्ती मंडळीतला, तो उसळून म्हणाला की ख्रिस्ती मिशन नगरला आलं नसतं तर आपल्या आज्या अंगठाबहाद्दर राहिल्या असत्या, तेव्हा सेवेकडे कोणी बोट दाखवायचं नाही. मला दोघांचंही पटलं नाही.

मी ख्रिस्ती घरातली. "पोटासाठी बाटले" हे शाळेत असल्यापासून ऐकत आलेय. आमचे पणजोबा 1899-1900 च्या दुष्काळात लहान असताना मिशनच्या आसऱ्याला गेले आणि तिथेच वाढले, एवढंच घरात माहीत आहे. त्यांनी बाप्तिस्मा भुकेपोटी घेतला की मनापासून, हे विचारायला आज कोणी उरलं नाही, आणि मला तो प्रश्न त्यांना विचारायचाही नाही. पण भाकरी देणाऱ्याने असं वागायला हवं की पुढच्या तीन पिढ्यांना हा टोमणा कोणी मारूच शकणार नाही, असं मला फार वाटतं. शिकागोत हेच डोळ्यासमोर घडताना पाहिलं.

आम्ही होतो वेस्ट साइडला, नॉर्थ लॉनडेलजवळ. 1966 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग घरांच्या प्रश्नावर लढायला शिकागोत आले तेव्हा याच वस्तीतल्या एका पडीक फ्लॅटमध्ये राहिले होते. सीअर्स कंपनीचं मुख्य ऑफिस इथे होतं, ते सत्तरच्या दशकात डाउनटाउनच्या टॉवरमध्ये गेलं आणि वस्तीचा कामधंदा आणखी आटला. आमचं काम एका छोट्या फूड पँट्रीत, म्हणजे फुकट किराणा देतात तिथे. ती चालवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या, वस्तीतच जन्मलेल्या. पहिल्याच सकाळी त्यांनी सांगितलं, पिशवी आधी हातात द्यायची, प्रार्थना कोणी मागितली तरच करायची, आणि फोन व्हॅनमध्ये ठेवून यायचे.

दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या एका मुलाने, अगदी भल्या मनाचा पोरगा, रांगेतल्या एका माणसाचा हात धरून डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. पिशवी टेबलावरच होती. तो माणूस मान खाली घालून उभा, नजर पिशवीवर. बाई आल्या, पिशवी उचलून त्याच्या हातात दिली आणि पोराच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "आता विचार त्यांना." त्याने विचारलं. माणूस म्हणाला नको, थँक यू, आणि गेला. पोरगा पार रडवेला झाला. मी मात्र त्या क्षणी पणजोबांचाच विचार करत होते.

आणखी एक गोष्ट. पुलाखाली राहणाऱ्यांसाठी आम्ही पाकिटं भरली होती, प्रत्येकात बीन्सचा एक डबा, ग्रॅनोला बार आणि सफरचंद. एका म्हाताऱ्याने पाकीट तिथेच उघडलं आणि डबा माझ्या मुलीला परत दिला. हा मी कशाने उघडू? ओपनर नव्हता, डब्याला ओढायची कडीही नव्हती. मग तोंड उघडून दाखवलं, पुढचे दात नव्हते, सफरचंद चावणार कसा. आम्ही अठराजणांनी आदल्या दिवशी दीड तास बसून ती पाकिटं भरली होती आणि एकालाही हे सुचलं नव्हतं. संध्याकाळी सगळी पाकिटं सोडली, कडीचे डबे वेगळे काढले, सफरचंदांच्या जागी केळी घातली.

आता कायद्याचं. इथे अमेरिकेत एक नियम मला फार नीट वाटतो. केंद्र सरकारचा निधी ज्या कामाला थेट मिळतो ते काम धार्मिक संस्थेने खुशाल करावं, पण त्यात प्रार्थनेची सक्ती नाही, जी काही उपासना असेल ती वेगळ्या वेळी किंवा वेगळ्या जागी आणि ज्याला यायचं त्यानेच यायचं. फक्त देणग्यांवर चालणाऱ्यांना हे लागू नाही, त्यामुळे रात्री पलंग हवा असेल तर आधी चॅपलमध्ये बसा असा नियम काही जुन्या निवाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं चालत आलाय. मला तो चूक वाटतो, माझ्याच धर्माच्या लोकांचा असला तरी.

आपल्याकडे ओडिशात 1967 पासून आणि मध्य प्रदेशात 1968 पासून धर्मांतराचे कायदे आहेत, 1977 मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की धर्माचा प्रचार करायचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क नव्हे. तिथपर्यंत मला काही अडचण नाही. पण उत्तर प्रदेशच्या 2021 च्या कायद्यात धार्मिक संस्थेच्या नावाजलेल्या शाळेतलं मोफत शिक्षणसुद्धा प्रलोभनात धरलंय, आणि इथे मी थांबते. सावित्रीबाईंनी नगरला मिस फरार यांच्याकडे शिक्षिकेचं ट्रेनिंग घेतलं, अमेरिकन मिशनच्याच बाई त्या, आणि सावित्रीबाई काही ख्रिस्ती झाल्या नाहीत. शिकवणं हा गुन्हा कसा होईल? अट घालणं हा गुन्हा. कायद्याने अटीला हात घालावा, अन्नाला आणि शाळेला नाही. ग्रुपवरच्या मित्राला मी हेच लिहिलं, आणि आमच्या मंडळीतल्या मित्राला लिहिलं की अट घालणारे आपल्यात असतील तर ते आपण बोलायला हवं, दुसऱ्याने बोलायची वाट कशाला बघायची.

पण या ट्रिपबद्दल माझी खरी तक्रार वेगळीच आहे, ती तिच्या नावाबद्दल. कॉलेजात असताना मी चंद्रपूरकडे सोमनाथला बाबा आमट्यांनी सुरू केलेल्या छावणीला गेले होते, मे महिन्याचं ऊन, पहाटे उठून श्रमदान, हाताला फोड. तिचं नाव श्रमसंस्कार छावणी. संस्कार कोणावर, तर आमच्यावर, हे नावातच सांगितलेलं, आम्ही कोणाचं भलं करायला आलोय असं कोणाच्या मनातही आलं नाही. मिशन ट्रिप म्हटलं की उलटं होतं, वाटतं आपण द्यायला निघालोय. सहा दिवसांत आम्ही काय दिलं? त्या बाईंना आम्हाला शिकवायला, सांभाळायला, चुका निस्तरायला जेवढा वेळ गेला तेवढ्यात त्यांनी आमच्याशिवाय जास्त काम केलं असतं. मुलगी मात्र बदलून आली, त्याबद्दल मी देवाची ऋणी आहे. मग ही आमच्या मुलांची शाळा होती असं सरळ म्हणावं आणि शिकवणाऱ्याला फी द्यावी.

माणशी 425 डॉलर गोळा केले होते, पत्रं लिहून, गाड्या धुऊन. त्यातले बरेचसे पेट्रोल, पिझ्झा आणि एका रंगाच्या टी-शर्टांवर गेले. पँट्रीला ट्रक चालवायला माणूस हवाय, पगाराला पैसे नाहीत, हे बाईंनी बोलता बोलता सांगितलं, मागितलं काहीच नाही.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर पुढच्या वर्षीच्या ट्रिपची मीटिंग आहे. मी मांडणार आहे की टी-शर्ट बंद, दिवस सहाऐवजी तीन, आणि जमेल त्यातले निम्मे पैसे जायच्या आधीच पँट्रीला त्या ड्रायव्हरसाठी द्यायचे. पाळकांशी बोलले, ते म्हणाले लोक फोटो नसेल तर देणगी देत नाहीत. मुलगी शेजारीच होती. ती म्हणाली, मग मी त्या डब्याची गोष्ट सांगते.