कच्चा आवाज वेगळा, बिघडलेला वेगळा: परभणीच्या वाचकाला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया पूर्ण वाचली. डार्कथ्रोन या नॉर्वेच्या ब्लॅक मेटल बँडच्या 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' या अल्बमच्या (१९९४) ध्वनिमुद्रणाचं मी कौतुक केलं, त्यावर तुमचं म्हणणं असं: बेस ऐकूच येत नाही, ड्रम पुठ्ठ्यावर वाजवल्यासारखे, गिटार म्हणजे पत्र्यावरचा पाऊस, आणि 'वातावरण' या शब्दाखाली मी वाईट काम झाकतोय. सोबत नांदेडच्या पोरांच्या बँडचा डेमो, म्हणजे नमुन्याचं ध्वनिमुद्रण, पाठवून विचारलंत, की मग यांच्या अस्पष्ट आवाजाचंही कौतुक करणार का?

एक गोष्ट आधी मान्य करतो. 'थंड', 'गोठलेला' असे शब्द मी वापरले, पण आवाज तसा का वाटतो ते सांगितलं नाही. ते सांगायलाच हवं होतं.

चांगला स्टुडिओ मिळाला नाही म्हणून हा अल्बम असा झाला, हे बरोबर नाही. याच बँडचा पहिला अल्बम 'सोलसाइड जर्नी' (१९९१) स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत झालाय, आणि त्याचा आवाज डेथ मेटलचा, भरीव आहे. तीन वर्षांनी बँडमधल्या फेनरिझने चार ट्रॅकच्या घरगुती यंत्रावर गिटार, बेस, ड्रम सगळं स्वतः वाजवलं. गायन त्याचा जोडीदार नॉक्टर्नो कल्टोचं. अर्थात ठरवून केलं म्हणजे चांगलंच झालं, असंही नाही. मी तपासतो ते एवढंच, की गाण्याला जे लागतं ते कानापर्यंत पोचतंय का.

इथे गाण्याला लागते ती गिटारची चाल. वेग मिनिटाला २०० मात्रा धरा. गिटारवाला एका मात्रेत चार वेळा तार छेडतो, म्हणजे सेकंदाला तेरा वेळा. दोन छेडींत ७५ मिलिसेकंदांचं अंतर. ब्लास्ट बीटमधला, म्हणजे ड्रमच्या अखंड जलद ठोक्यांमधला, स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) दर १५० मिलिसेकंदांनी पडतो. आता त्या स्नेअरवर दीड सेकंदाचा घुमारा चढवा: कुठल्याही क्षणी दहा ठोक्यांच्या शेपट्या एकमेकींवर पडलेल्या असतात. त्या ढिगाऱ्यात सगळ्यात आधी बुडतो तो गिटारचा सूर बदलल्याचा क्षण. तुळजापूरला उघड्यावर वाजणारा गोंधळ्याचा संबळ आठवा, बोल न् बोल सुटा ऐकू येतो. तीच जलद लय पत्र्याच्या मंगल कार्यालयात ऐका, नुसता कडकडाट उरतो. वादक तोच, हात तोच.

म्हणून या अल्बमचे कोरडे, अरुंद, मागे बसलेले ड्रम मला चुकीचे वाटत नाहीत. शीर्षकगीत पुन्हा लावा. ड्रम जवळजवळ हलत नाहीत, बदलतो तो गिटारचा सूर, आणि तो बदल दर वेळी कानाला लागतो. तुम्ही मेहेम या दुसऱ्या नॉर्वेजियन बँडच्या 'डी मिस्टेरीस डोम साथानास'चा (१९९४) दाखला दिलात. तोही मला तितकाच आवडतो. तो बर्गनच्या ग्रीगहालेन या संगीत सभागृहात निर्माता पिटनने केला आणि त्याच्या ड्रमला मोठ्या जागेचा घुमारा आहे. पण तिथे ठोक्याची चापट पुढे आहे आणि घुमारा तिच्या मागे, म्हणून गिटार बुडत नाही. दोन उलट उपाय, दोन्ही लागू पडलेले.

बेस फार मागे आहे, हे तुमचं बरोबर. मात्र तुम्ही एकाच ब्लूटूथ स्पीकरवर ऐकलंत. बेसची खालची तार ४१ हर्ट्झची. छोटे स्पीकर ८०-१०० च्या खाली फारसं काही देत नाहीत. तारेच्या हेडफोनवर ऐका. तरी शंका राहिली तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये २०० हर्ट्झच्या वरचं कापून टाका, खाली काय उरतं ते कळेल. दोन अल्बमची तुलना करताना दोन्ही फाइली आधी एकाच लाउडनेसला आणा, समजा उणे १८ एलयूएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक). जो मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, ही फसगत सगळ्यांचीच होते.

आता डेमो. चाली चांगल्या आहेत, म्हणूनच जीव तुटतो. फाइल मोठी करून स्नेअरचा ठोका बघा: लाटेला शिखर नाही, सपाट ओटा आहे. इंटरफेसचा (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्याचा) गेन, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाची वाढ, जास्त होता, आणि तिथे कापलेलं नंतर खरं परत येत नाही. सगळ्यात जोरदार ठोका उणे १० डीबीच्या (शून्य म्हणजे आवाज कापला जायची हद्द) आसपास ठेवा. ही पातळी ब्लास्टवर लावू नका. संथ भागात तोच ड्रमर जास्त जोरात मारतो.

दुसरं, डाव्या-उजव्या बाजूला गिटारचा एकच टेक (एकदा वाजवून घेतलेलं मुद्रण) कॉपी करून थोडा सरकवलाय. मोनोत, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र झाल्या की, तो पोकळ होतो, आणि तुमच्या ब्लूटूथवर नेमकं तेच होतंय. चाल दोनदा वाजवून घ्या, डिस्टॉर्शन (गिटारचा खरखरीतपणा) पाव हिश्शाने कमी करून. माइक गिटारच्या स्पीकरच्या पडद्याच्या मधोमध नको, तीन-चार सेंटिमीटर कडेला.

खोली पत्र्याची आहे हे सिंबलच्या (ड्रमच्या झांजांच्या) आवाजावरून ओळखू येतं. ड्रमच्या वर आणि मागे जाड वाकळा टांगा. ड्रमच्या वर लावलेले दोन्ही माइक स्नेअरच्या मधापासून समान अंतरावर हवेत. सुतळी धरून मोजा, नाहीतर स्नेअर पातळ होतो. गिटारमागची गुणगुण ५० हर्ट्झच्या विजेची वाटते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर घ्या आणि अर्थिंग बघून घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात दोन घागरी पाणी ओतायला सांगा.

नवा टेक झाला की वेव्ह फाइल पाठवा. १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये सिंबल पाण्याखाली गेल्यासारखे ऐकू येतात, आणि मग दोष पोरांचा की फाइलचा, हे मला सांगता येणार नाही.