ओढीच्या पाण्याखालचा खडक उघडाबोडका नसतो

भरतीच्या ऊर्जेवर चर्चा निघाली की एक फॉरवर्ड हमखास येतो: "भरती-ओहोटीची ओढ जबरदस्त असते तिथे तळातला खडक धुऊन निघतो. तिथे कुणी तगत नाही, सगळे वाहून जातील, खायलाही काही नसतं. म्हणून टर्बाइनसाठी याहून निरुपद्रवी जागा नाही." यातलं पहिलं वाक्य तेवढं खरं, तेही गाळापुरतं.

"कुणी तगत नाही." नॉर्वेतल्या साल्टस्ट्राउमेनचा भरतीप्रवाह जगातल्या सर्वांत वेगवान प्रवाहांत मोडतो. तिथला खडक स्पंज, समुद्रफुलं आणि मृदू प्रवाळांनी भरलेला आहे, आणि २०१३ पासून ते सागरी संरक्षित क्षेत्र आहे. निर्जीव तळाला कोण संरक्षण देतं?

"वाहून जातील." बार्नेकल म्हणजे खडकाला चिकटून राहणारा इवला कवचधारी प्राणी. त्याची अळी आधी जागा चाचपते, मग डोक्याकडून खडकाला कायमची चिकटते. शिवाय खडकाला अगदी लागून पाण्याचा वेग बराच कमी असतो. बुटक्या प्राण्यांना तेवढा आडोसा पुरतो.

"खायला काही नसतं." इथे तर गंगा उलटी वाहवली आहे! जागचे न हलणारे हे प्राणी अन्न शोधायला जात नाहीत, प्रवाह ते आणून देतो. बार्नेकलच्या पिसांसारख्या पायांच्या सहा जोड्या असतात. संथ पाण्यात तो त्यांनी झाडू मारल्यासारखं पाणी गाळतो. ओढ वाढली की पाय नुसते पसरून धरतो आणि प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, आपोआप अडकतं. वेग फारच वाढला तर पाय आत, कवच बंद. मृदू प्रवाळाचा पॉलिप, म्हणजे त्यातला एकेक इवलासा जीवही आठ झालरदार शुंडक पसरून हेच करतो. भर म्हणजे ही ओढ गाळ बसू देत नाही, त्यामुळे स्पंजांची छिद्रं बुजत नाहीत.

एक मान्य: प्रवाहाबरोबर वाळू घासत जात असेल तिथे खडक खरोखर उघडा पडतो. पण ती करणी वाळूची, नुसत्या वेगाची नव्हे.

राहता राहिलं टर्बाइन. माझा त्याला विरोध नाही. उत्तर आयर्लंडच्या स्ट्रँगफर्ड लॉख या खाडीच्या चिंचोळ्या मुखात २००८ मध्ये 'सीजेन' हे भरतीप्रवाहावर चालणारं टर्बाइन बसलं, तेव्हा सील जवळ आला की पाती थांबवायची सोय करावी लागली, तळावरही लक्ष ठेवावं लागलं. 'तिथे काही नाही' म्हणून पाहणी टाळायची सवलत मात्र कुणी मागू नये. पाहणीसाठी बुडी मारणाऱ्यांना उधाणात उतरता येत नसेल तर भांगाच्या, म्हणजे कमी ओढीच्या भरतीच्या दिवसांत, पाणी क्षणभर थबकतं तेव्हा उतरवा.