सहाचं असताना तीनचं का?

काकांच्या कॉम्प्युटरला एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी नवी वेगवान डिस्क, बसवायची, एवढंच ठरलं होतं. जुनी हार्ड डिस्क सुरू होताना कटकट आवाज करायला लागली होती, तुळशीचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि तुळशीचं लग्न उरकलं की काकांचा सीझन सुरू होतो. कराडात काका लग्नपत्रिका छापतात. मधल्या दिवसांत वास्तुशांती, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि पतसंस्थेच्या पावत्या, पण खरं पोट पत्रिकांवर.

कॉम्प्युटर २०१० सालचा. त्यावर विंडोज सेव्हन, पानं मांडायला पेजमेकर आणि मराठी अक्षरांसाठी श्रीलिपी, मागच्या बाजूला तिच्या परवान्याचा डोंगल. नवा घ्या म्हटलं की काका एकच प्रश्न विचारतात, "त्यावर माझं 'आमचे येथे श्रीकृपेकरून' उघडेल का?" या प्रश्नाचं छातीठोक उत्तर आजवर कुणाला देता आलेलं नाही, म्हणून तो कॉम्प्युटर अजून आहे.

मी पुण्यात 'कॉम्प्युटरमध्ये' आहे. विम्याच्या थकलेल्या हप्त्यांचे रिपोर्ट बनवतो. मदरबोर्डचा आणि माझा संबंध नाही, हे मी प्रत्येक दिवाळीला सांगतो. ते नम्रपणा म्हणून घेतलं जातं.

काम सुरू करण्याआधीच एक शोध लागला. कॉम्प्युटर चालू केल्यावर काळ्या पडद्यावर काहीतरी इंग्रजी यायचं आणि काका उदबत्ती ओवाळून एफ-वन दाबायचे. रोज. "हे काय?" म्हटलं, तर म्हणाले, "हे पहिल्यापासूनच आहे." पहिल्यापासून नव्हतं. बोर्डावरची सीआर २०३२ बटणसेल संपली होती. काका रात्री मेन स्विच बंद करून जात, तेव्हा बोर्ड सगळ्या सेटिंग विसरून सकाळी १ जानेवारी २००९ला जागा होई. आणि तारीख अशी मागे गेली की कुठलीही वेबसाइट उघडत नाही, कारण तिचं सुरक्षेचं प्रमाणपत्र त्या दिवशी अजून जन्मलेलंच नसतं. गेली काही वर्षं काकांचं ठाम मत होतं की इंटरनेट बिघडलंय. शेजारच्या घड्याळवाल्याकडून सेल आणली आणि इंटरनेट दुरुस्त झालं. माझी कीर्ती वाढली. तिथेच थांबून मी एसटी पकडायला हवी होती.

जुन्या डिस्कची नवीवर हुबेहूब नक्कल झाली, पहिल्या झटक्यात चालूही झाली. पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी जागा होणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्राममध्ये, पाहिलं तर साटा कंट्रोलर, म्हणजे डिस्कशी बोलणारा भाग, आयडीई या जुन्या मोडमध्ये. म्हणजे कंट्रोलर नव्या धाटणीचा, पण जुन्या विंडोज बिचकू नयेत म्हणून पट्टीसारख्या रुंद केबलच्या काळातला असल्याचं सोंग घेऊन बसलेला. एएचसीआय हा नवा मोड लावला की तो सोंग टाकतो, ३२ कामं एकदम डिस्कच्या हातात देतो आणि सोयीचा क्रम डिस्क स्वतः लावते. एसएसडी घ्यायची आणि आयडीईवर चालवायची हे माझ्या मनाला पटेना. मी एएचसीआय लावलं. विंडोजचं रंगीत चिन्ह जमून येता येता पडदा निळा झाला. खाली शून्यांची रांग आणि शेवटी सेव्हन-बी.

"रंग छान आहे," काका म्हणाले. "आता काय झालं रं?"

सेव्हन-बी म्हणजे ज्या डिस्कवरून विंडोज सुरू व्हायची, तीच तिला दिसत नाही. डिस्क तिथेच असते. ती वाचायला लागणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रामही तिच्यावरच असतो. काकांना हे कसं सांगावं याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात समोर पत्रिकांचे नमुने दिसले.

"काका, विंडोज बसवली त्या दिवशी तिनं बघितलं, दारात कोण कोण आहे. आयडीई होता. त्याचं नाव आमंत्रणाच्या यादीत घातलं. एएचसीआय घरातलाच आहे, पण त्याचं नाव यादीत नाही. पहाटे फक्त यादीतल्यांनाच उठवतात."

"म्हणजे पत्रिकेत नाव राहिलं." काकांचा चेहरा उजळला. हा त्यांचा प्रांत होता. दर सीझनला कुणाचा तरी मामा राहतो, पत्रिका छापून झाल्यावर रुसतो, आणि मग सगळ्या गठ्ठ्यावर मामाच्या नावाची पट्टी चिकटवत बसावं लागतं. "मग चिकटव की पट्टी."

खरोखर तेवढंच काम होतं. परत आयडीई लावून विंडोज चालू करायची, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, जायचं, एमएसएएचसीआय नावाच्या नोंदीत स्टार्टपुढे ३ आहे तिथे ० करायचं. तीन म्हणजे 'गरज पडली तर बोलावू', शून्य म्हणजे 'पहाटे हळदीपासून हजर'. मग पुन्हा बायोसमध्ये एएचसीआय. विंडोज मुकाट उठली. एक्सपीच्या काळात याच कामाला फ्लॉपी लागायची. विंडोज बसवताना पडद्याच्या तळाशी काही क्षण एक ओळ यायची, तेवढ्यात एफ-सिक्स दाबायचं, आणि ड्रायव्हर फक्त ए ड्राइव्हमधूनच घेतला जायचा. ती ओळ दिसेपर्यंत ती गेलेली असायची. हे मी सहज बोललो, तर काका माळ्यावर चढले आणि फ्लॉप्यांचा अख्खा डबा घेऊन खाली आले. त्यातली एकही लागणार नाही म्हटल्यावर ते जरा खट्टू झाले.

खरी गोष्ट इथून सुरू होते. डबा परत माळ्यावर ठेवताना काकांनी उघड्या कॉम्प्युटरमध्ये वाकून पाहिलं आणि त्यांना डिस्कची केबल लावायची दोन पांढरी तोंडं दिसली. शेजारी छापलेलं होतं : साटा सहा. एसएसडी निळ्या तोंडात होती. तिथे होतं तीन.

"सहाचं असताना तीनचं का?"

याचं उत्तर मला येत होतं, हेच दुर्दैव. २००९च्या सुमाराच्या चिपसेटमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मुख्य चिपांमध्ये, सेकंदाला सहा गिगाबिटचा साटा नव्हता. पण खोक्यावर 'सहा' छापायचं होतं, म्हणून बोर्डवाल्यांनी दुसऱ्याच कुणाची तरी चिप आणून कोपऱ्यात बसवली आणि तिला दोन तोंडं दिली. चिप खरंच सहाची. साटामध्ये एका बाइटमागे तारेवरून दहा बिट जातात, म्हणजे सहा गिगाबिटचे सेकंदाला ६०० मेगाबाइट. तीनचे ३००. फक्त ही चिप बाकीच्या बोर्डाला जोडलेली होती ती पीसीआय एक्सप्रेस नावाच्या रस्त्याच्या एका लेननं, आणि त्या चिपसेटच्या लेनमधून सेकंदाला २५० मेगाबाइटच्या वर काही जात नाही.

"म्हणजे सहाचं तोंड तीनच्यापेक्षा हळू?"

"हो."

"मग सहा कशाला लिहिलं?"

"चिप सहाची आहे म्हणून."

"आणि बोर्ड?"

"तो नाही."

काका थोडा वेळ गप्प राहिले. "छापायच्या आधी प्रूफ कुणी वाचलं नाही?"

काकांची शंका अगदीच वेडगळ नव्हती, हे नोंदवलं पाहिजे. पुढच्याच पिढीत सहाची तोंडं चिपसेटच्या आत आली आणि ३१ जानेवारी २०११ला इंटेलला जाहीर करावं लागलं की नव्या चिपसेटमधली तीनची तोंडं काळानुसार कमजोर होत जातील. सहाची दोन्ही ठणठणीत. एका ट्रान्झिस्टरला नको तेवढं व्होल्टेज मिळत होतं. ड्रायव्हरनं किंवा फर्मवेअरनं, म्हणजे चिपसोबतच्या प्रोग्रामनं, हे सुटण्यासारखं नव्हतं, चिपच नवी काढावी लागली आणि दुरुस्ती-बदलीचा अंदाज होता ७० कोटी डॉलरचा. हे मी काकांना सांगितलं ते करमणूक म्हणून. त्यांनी ते पुरावा म्हणून घेतलं.

"दुकानदारानं सहाचं म्हणून वरचे पैसे घेतले होते," ते म्हणाले. "लाव तिथं."

लावली. कॉम्प्युटर चालू केल्यावर त्या पाहुण्या चिपचा स्वतःचा वेगळा पडदा येतो. तिचं नाव, तिची आवृत्ती, तिचे हक्क राखीव, आणि मग 'डिटेक्टिंग' असं लिहून पुढे टिंबं. टिंबं वाढत गेली. काकांनी चहा सांगितला, चहा आला, पिऊन झाला. टिंबं चालूच होती.

या चिपचं फर्मवेअर, ज्याला ऑप्शन रॉम म्हणतात, ते विंडोजच्या आधी जागं होतं आणि 'माझ्याकडे अमुक डिस्क आहे' असं बायोसला सांगतं. ते निघालं पहिल्यावहिल्या आवृत्तीचं, बहुधा एसएसडी नावाची वस्तू न पाहिलेलं. नवी आवृत्ती होती, पण ती सुटी मिळत नाही. बोर्डाच्या बायोसच्या फाइलमध्येच बांधलेली असते. म्हणजे एका तोंडापायी अख्खा बायोस बदलायचा. बोर्ड कंपनीच्या साइटवर आमचं मॉडेल 'जुनी उत्पादनं' या सदराखाली सापडलं. शेवटचा बायोस होता आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं : बीटा, म्हणजे अजून चाचणीतला. कंपनीनं त्यानंतर त्या बोर्डाकडे ढुंकून पाहिलेलं नाही, त्यामुळे तो आता जन्मभर बीटाच. चिपचा ड्रायव्हर मात्र तिथून काढून टाकलेला. मग ज्या साइटींवर चारही बाजूंना हिरवी 'डाउनलोड' बटणं असतात आणि त्यातलं एकच खरं असतं, तिथे गेलो. ड्रायव्हर मिळाला. सोबत हवामानाचा अंदाज सांगणारं काहीतरी आणि एक पत्त्यांचा डावही मिळाला. काकांनी तो डाव ठेवून घेतला.

बायोस बदलताना आधी जुना पुसतात, मग नवा लिहितात, मग ताडून बघतात. पुसणं आणि लिहिणं यांच्या मधल्या वेळात वीज गेली तर बोर्ड एफ-वन दाबायच्याही लायकीचा राहत नाही. मग आठ पायांच्या त्या चिपला चिमटा लावून बाहेरून प्रोग्राम भरणारा माणूस शोधा. आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज जायचा वार ठरलेला असतो आणि उरलेल्या वारी ती न ठरवता जाते. यूपीएस होता. त्याची बॅटरी कधी बदलली हे काकांना आठवत नव्हतं. काकूंना आठवत होतं, पण त्यांनी सांगितलेलं साल ऐकून मी तो विषय सोडला.

काकांनी सूत्रं हाती घेतली. लॅमिनेशनचं मशीन बंद. पंखा बंद. हाताखालच्या पोराला मेन स्विचपाशी उभा केला, कुणाला हात लावू द्यायचा नाही. मी पेन ड्राइव्ह लावला, फाइल निवडली, 'वीज बंद करू नका' ही सूचना वाचली आणि एंटर दाबलं. नेमकं तेव्हाच मसूरकडचं एक कुटुंब प्रूफ बघायला आलं. वरबाप, त्यांचे भाऊ, दोन बायका, एक लहान मुलगा. दुकान अंधारं, उदबत्ती पेटलेली, कॉम्प्युटरचं पोट उघडं आणि त्यापुढे आम्ही दोघं हात जोडल्यासारखे उभे. काकांनी ओठांवर बोट ठेवलं.

वरबापांनी हळूच चपला काढल्या. "कसली शांत चाललीय?"

"बायोसची," काका म्हणाले.

त्यांनी समजल्यासारखी मान डोलावली आणि पोराला मांडीवर घेऊन भिंतीशी बसले. पट्टी सरकत होती, थांबत होती. मधेच बाहेर डीपीच्या बाजूनं काहीतरी फाटकन वाजलं आणि काकांनी माझं मनगट धरलं. फटाका होता. पट्टी भरली, कॉम्प्युटर आपण होऊन बंद झाला, आपण होऊन चालू झाला. पाहुण्या चिपच्या पडद्यावर नव्या आवृत्तीचा आकडा आला आणि डिटेक्टिंगपुढे दोन टिंबं पडतात न पडतात तोच एसएसडीचं नाव उमटलं. मसूरकरांनी टाळ्या वाजवल्या.

वेग मोजला. पांढऱ्या तोंडावर निळ्यापेक्षा कमी भरला, सांगितल्याप्रमाणे. काकांनी दोन्ही आकडे स्वतः कागदावर उतरवून घेतले, एकाखाली एक, आणि निमूटपणे म्हणाले, "लाव तीनला."

मसूरच्या मंडळींची पत्रिका उघडली. पूर्वी पेजमेकर उघडेपर्यंत काका गिऱ्हाइकाच्या गावचा पाऊसपाणी विचारून घेत. आता क्लिक केलं की समोर. किलबिल, व्यवस्थापक, स्नेहांकित, सगळे झटक्यात हजर. काका हरखून गेले. "बघ की, त्या तुझ्या एएचसीआयचा काय फरक पडलाय!"

मी डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे जोडलेले भाग दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडला तो कौतुक बघायला. कंट्रोलर आयडीई मोडमध्ये होता. बायोस बदलला की सगळ्या सेटिंग मूळपदावर जातात आणि या बोर्डाचं मूळपद म्हणजे तेच जुनं सोंग. यादीतून आयडीईचं नाव कुणी काढलेलं नव्हतं, त्यामुळे विंडोजनं त्याला निमूट उठवलं होतं. पेजमेकरला एका वेळी ३२ कामं सांगायची नसतातच, त्याला एकच मामा हवा असतो. काकांना सांगावं की नाही या विचारात मी असताना ते खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले आणि पडद्यावरची ड्रायव्हरची तारीख वाचायला लागले.

"२१ जून २००६? अरे, हा कॉम्प्युटर २०१०चा. आणि तू दिवसभर अपडेट करत होतास ना?"

मी सांगितलं की विंडोजच्या सोबत येणाऱ्या ड्रायव्हरांवर मुद्दाम हीच तारीख घालतात. म्हणजे कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर आला की तो आपोआप नवा ठरतो आणि यांना मागे सरकता येतं. पुरावा म्हणून माझ्या लॅपटॉपवरचा इंटेलच्या चिपसेटचा ड्रायव्हर दाखवला. त्याची तारीख : १८ जुलै १९६८. इंटेल कंपनी स्थापन झाली तो दिवस. माणूस चंद्रावर जायच्या वर्षभर आधीची.

"मी चौथीत होतो," काका म्हणाले. माझ्या लॅपटॉपकडे त्यांनी जरा आदरानं पाहिलं. मग पुन्हा आपल्या पडद्याकडे वळून एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे पिवळं उद्गारचिन्ह होतं. "आणि हे कोण?"

ते त्या पाहुण्या चिपचं 'कॉन्फिग' नावाचं उपकरण. खरंतर ते उपकरणच नाही. चिपशी सेटिंगचं बोलता यावं म्हणून ती स्वतःच यादीत एक नाव पुढे करते. त्याला डिस्क नाही, वेग नाही. ड्रायव्हर नसला तरी कशाचंही अडत नाही.

"म्हणजे काम काही नाही, पण नाव पाहिजे."

"हो. काढून टाकू का?"

"असू दे," काका म्हणाले आणि मसूरकरांच्या पत्रिकेत 'व्यवस्थापक' या शब्दाखाली तेरावं नाव टाइप करायला लागले.